पहिल्या वर्गाची खोली

आमच्या जुन्या स्टेशनात आता गाड्या येत नाहीत, भाषणं होतात. काल पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये माझं होतं. घरातली मी पहिली पदवीधर, म्हणून आईला मिरवत नेलं. याच फलाटावर तिनं पेरू विकले. या खोलीच्या दारातून तिला हाकलायचे. ती उंबऱ्यावरच अडली.

"तिकीट काढलंस का?"

"आई, फुकट आहे. बोलणारी मीच आहे."

"मग तुझं तरी काढ."

शेवटी खुर्चीच्या काठावर टेकली. स्टेशन बदलायला रंगारी पुरले. आईच्या मनातला टीसी अजून नोकरीवर होता.

भाषण संपलं, सगळे उठले. आई मात्र आता पाठ टेकून, पाय पसरून बसलेली.

"चल ना, संपलं."

"गाडी यायच्या आत पहिल्या वर्गातून कुणी उठतं का?"