पॉइंटांवरचं तिकीट

सीतो बिंग-लामला आयुष्यात कुणी फसवलं नव्हतं आणि याचा त्याला फार अभिमान होता. हाँगकाँगच्या शामशुईपो भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून तो भिंगं घासायचा. पण पुढे कुणी गिऱ्हाईक महागडी फ्रेम हातात घेऊन उभं दिसलं की याच्या जिवाची घालमेल व्हायची. मालकाची नजर चुकवून तो बाहेर यायचा आणि हळूच सांगायचा, "ती ठेवा हो. नावाचे पैसे घेतात नुसते. शेजारची घ्या, वस्तू तीच." मालकाने त्याला काढलं नाही, कारण सीतोसारखं भिंग घासणारा अख्ख्या गल्लीत दुसरा नव्हता.

तर भिंगांवर पोट चालायचं, पण जीव होता तो पॉइंटांवर. आता हाँगकाँगात क्रेडिट कार्ड घासून विमानाच्या फुकट तिकिटाचे पॉइंट कोण जमवत नाही? सीतोचं प्रकरण मात्र हाताबाहेर गेलेलं होतं. हॉटेलात दहा माणसं जेवली की बिल हा आपल्या कार्डावर घेणार आणि टेबलाभोवती फिरून प्रत्येकाकडून रोख गोळा करणार. सासरा वारला तेव्हा अंत्यविधीचं बिलसुद्धा त्याने कार्डावरच घेतलं, मेहुण्यांकडून रोकड मागून घेतली आणि त्या पॉइंटांवर पुढल्या वर्षी सासूला ओसाकाला फिरवून आणलं. सासू खूश. मग नावं ठेवणार कोण?

पॉइंट जमवायला अक्कल लागत नाही, लागते ती खर्चायला. तीच सीट, तेच जेवण, पण एका दिवशी कंपनी तिप्पट पॉइंट मागते आणि दुसऱ्या दिवशी निम्म्यात देते. ही स्वस्तातली सीट कुठल्या विमानात, कुठल्या तारखेला उघडली आहे ते एका झटक्यात शोधून देणाऱ्या वेबसाइट असतात. सीतो अशा दोन वेबसाइटची वर्गणी भरायचा. सकाळी नाश्त्याच्या टपरीवर मॅकरोनीचं सूप पुढ्यात आलं की त्याचा फोन उघडायचा. तारखांचे चौकोन दिसायचे. करडा चौकोन म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लूट, हिरवा म्हणजे घबाड. सूप गार व्हायचं आणि सीतो हिरवं शोधत बसायचा.

रविवारी मोंगकॉकच्या एका चहाघरात अशाच पाच-सहा वेड्यांची बैठक भरायची. तिथे सगळे त्याला लामदादा म्हणायचे. एकदा च्यू नावाच्या मित्राने घाईत तैपेईचं तिकीट रोख पैशांनी काढलं, तर सीतोने टेबलावरून हात पुढे करून त्याच्या कपाळाला लावला होता. "ताप नाही," तो सगळ्यांना म्हणाला, "मग पैसे देऊन तिकीट का काढलं असेल याने?" च्यू बिचारा पुढचे कित्येक रविवार ते ऐकून घेत होता.

सीतोची बायको सुक-यिन या सगळ्यात कधी पडली नाही. ती एका शाळेच्या भटारखान्यात होती. मोठमोठी पातेली उचलून तिची कंबर कामातून गेलेली. सीतोच्या मनात एकच होतं: हिला एकदा फर्स्ट क्लासमध्ये न्यायचं, पाय पसरून झोपवत, राणीसारखी. आणि न्यायचं ते व्हँकुव्हरला, तिच्या ताईकडे. ताई म्हणजे सुक-हिंग. आई प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात दिवसदिवस अडकलेली, तेव्हा सुक-यिनला अंघोळ घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं या ताईने केलं होतं. धाकटीची फी भरायला म्हणून तिने आपली शाळा सोडली होती. लग्नानंतर ती कॅनडाला गेली, ती गेलीच. दर वर्षी सीतो म्हणायचा, "थांब गं, चांगली सीट उघडू दे." आणि दर वर्षी सुक-यिन थांबायची.

मग ताईला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही पसरल्यावर. तिचा मुलगा केल्विन फोनवर म्हणाला, "मावशी, डॉक्टर आता महिन्यांत बोलत नाहीत. आठवड्यांत बोलतात. यायचं तर आत्ताच ये."

सुक-यिनने फोन ठेवला आणि तशीच नवऱ्यासमोर येऊन बसली. "लाम, मला ताईकडे ने."

सीतोने त्याच क्षणी शोध सुरू केला. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याने हयगय केली नाही. उन्हाळ्याचे दिवस, शाळांना सुट्ट्या, सगळी विमानं भरलेली. पडद्यावर सगळं करडं. पिवळे चौकोन तेवढे होते: मागच्या डब्यातल्या, गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या सीटा, तिप्पट पॉइंटांना.

"या आहेत की," सुक-यिन बोट ठेवून म्हणाली.

"या? अगं, गाढवसुद्धा घेणार नाही या भावाने. एवढ्यात आपण दोघं फर्स्ट क्लासने जाऊन येऊ. आणि तुझी ती कंबर! बारा तास बसून उतरलीस तर तुलाच खाट टाकावी लागेल ताईशेजारी."

"मग पैसे देऊन काढू. माझे आहेत ना बँकेत."

"इतकी वर्षं पॉइंट कशाला जमवले मग? ऐक माझं. पुढच्या डब्यातल्या विकल्या न गेलेल्या सीटा कंपनी उड्डाणाच्या दोन-चार दिवस आधी पॉइंटवाल्यांना देऊन टाकते. दर वेळी देते. मी अलर्ट लावलाय. वाजला की निघायचं, बॅग भरून ठेव."

यात खोटं काहीच नव्हतं. चहाघरातल्या निम्म्या लोकांनी याच युक्तीवर जग पाहिलं होतं. सीतोच्या हिशेबात विमान होतं, तारखा होत्या, बायकोची कंबर होती. एक दुखणं तेवढं नव्हतं, ज्याला कुणाच्या अलर्टची पर्वा नसते.

सुक-यिनने बॅग भरली. सुकवलेल्या संत्र्याच्या सालींचा पुडा, ताईला सूप करून घालायला सुके शिंपले, एक लोकरी शाल. बॅग दाराशी उभी राहिली. रोज सकाळी केल्विन व्हिडिओ लावायचा आणि ताई उशीवरून विचारायची, "तिकीट झालं?"

"होतंय ताई. लाम बघतोय."

"लाम बघतोय म्हणजे चांगलंच बघणार तो," ताई हसायचा प्रयत्न करायची आणि खोकत सुटायची. पहिल्या आठवड्यात ती बसून बोलायची. दुसऱ्या आठवड्यात पडून. मग केल्विनच फोन तिच्या कानाशी धरायला लागला.

"वाजला का रे तुझा तो?" सुक-यिन भात वाढता वाढता विचारायची.

"एक दिवस हिरवं दिसलं, पण एकच सीट होती. दोन हव्यात ना."

"मी एकटी गेले असते."

"एकटी? इंग्रजीत पाणी मागता येत नाही तुला. विमानतळावरच हरवशील." हे तो लाडाने म्हणाला होता. तिने त्याला भात वाढला.

आणि मग वाजला. सीतो भिंग घासत होता. फोन थरथरला तसा त्याने यंत्र बंद केलं. परवाचं विमान, थेट व्हँकुव्हर, फर्स्ट क्लास, दोन सीटा, हिरव्यागार. त्याने भराभर नावं भरली, पासपोर्ट भरले. तिकीट हातात आल्यावर तो मागच्या खोलीतून ओरडत बाहेर आला आणि गिऱ्हाइकांसमोर मालकाला मिठी मारली. चहाघरातल्या मंडळींना त्याने तिकिटाचं चित्र पाठवलं. च्यूने लिहिलं, "लामदादा, तुम्ही देव आहात." घरी सुक-यिनने ऐकलं आणि भांडी तशीच टाकून ती ताईला फोन लावायला धावली. "ताई, परवा निघतोय! ऐकतेस ना?" ताई ऐकत होती, असं केल्विन म्हणाला.

विमानतळावरचं फर्स्ट क्लासवाल्यांचं खास दालन सीतोला पाठ होतं, तेही फक्त फोटोंतून. खोल कोच, हळू आवाज, मागाल तेव्हा ताज्या शेवयांचा वाडगा. त्याने बायकोला खिडकीशी बसवलं आणि स्वतः जाऊन दोन वाडगे सांगून आला. ती खरंच जरा सैलावली होती. चप्पल काढून पाय वर घेतले होते तिने. वाडगे आले आणि तिचा फोन वाजला.

ती फक्त "हं" म्हणत राहिली. मग फोन मांडीवर ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. "गेली," ती म्हणाली. "आत्ताच. केल्विन म्हणतो, संध्याकाळपासून विचारत होती, विमान सुटलं का म्हणून."

शेवयांवरची वाफ विरेपर्यंत दोघं तशीच बसून होती. पुकारा झाला तशी सुक-यिन उठली, चप्पल घातली आणि त्याची वाट न बघता चालू लागली.

विमानात त्यांना दोन छोट्या खोल्याच मिळाल्या म्हणायच्या, मध्ये सरकती भिंत. मऊ गादी, पांढरा टेबलक्लॉथ, खरी फुलं. विमान वर गेलं, दिवे मंद झाले, आणि दोन हवाईसुंदऱ्या हसत हसत आल्या. एकीच्या हातात केक, दुसरीच्या हातात शॅम्पेन. केकवर चॉकलेटने लिहिलं होतं: लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.

सीतोला एकदम आठवलं. पॉइंटवाल्यांची ही जुनी खोड. तिकीट काढताना 'विशेष प्रसंग' या जागी लग्नाचा वाढदिवस म्हणून लिहून टाकायचं, खरा असो नसो. केक फुकट, फोटो फुकट. चहाघरातले सगळे लिहितात. परवा त्या आनंदात त्यानेही लिहून टाकलं होतं, हात सवयीने चालला होता.

"किती वर्षं झाली हो लग्नाला?" मुलीने कौतुकाने विचारलं. "एक फोटो काढू?"

सीतो तिला थांबवणार, तेवढ्यात सुक-यिनने हात पुढे करून बशी घेतली. "थँक यू," ती त्या मुलीला म्हणाली. अगदी नीट म्हणाली. मुलगी गेल्यावर तिने बशी नवऱ्याच्या टेबलावर ठेवली.

"यिन, मी ते आधी लिहिलं होतं... मला काय माहीत..."

"खा," ती म्हणाली. "तू कमावलंयस." आणि तिने मधली भिंत सरकवून लावून घेतली. पलीकडून रडण्याचा आवाजसुद्धा आला नाही. तेच सीतोला सहन होईना. बारा तास तो त्या राजेशाही गादीवर ताठ बसून होता, आणि आपण किती नीच आहोत हे त्याला तुकड्यातुकड्याने कळत होतं.

व्हँकुव्हरला त्यांनी ताईला पाहिलं ते सजवलेली, ओठांना रंग लावलेली. सुक-यिनने तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. फार गार होता. संत्र्याच्या साली, शिंपले, सगळं तिने केल्विनच्या बायकोला देऊन टाकलं. ती शाल मात्र तिने शवपेटीत ताईच्या पायांवर घातली. पाहुण्यांनी चौकशा केल्या, प्रवास कसा झाला म्हणून. केल्विनने भाबडेपणाने सांगितलं, "काकांनी फर्स्ट क्लासने आणलं मावशीला." सगळ्यांनी माना डोलावल्या. सीतोला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

सगळं उरकल्यावर परतीचं बघणं आलं. सीतो जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसला. काहीतरी हातात धरायला हवं होतं त्याला. शेवटी दोन सीटा सापडल्या. शेजारीशेजारी, बऱ्या होत्या.

"यिन," त्याने हाक मारली, "गुरुवारचं मिळतंय. घेऊ का?"

सुक-यिन सिंकपाशी कप विसळत होती. "तुझं तू घे. माझं झालंय."

"झालंय म्हणजे?"

"सकाळी चालत गेले होते. कोपऱ्यावर आपल्या लोकांचं तिकिटाचं दुकान आहे ना, तिथे. शुक्रवारचं काढलं. पैसे देऊन."

सीतोने फोनवरून मान वर केली. "किती... म्हणजे, मला सांगितलं असतंस तर..."

"त्या पोरीने पासपोर्ट घेतला, दोन बटणं दाबली, कागद हातात दिला. मला चहा दिला होता तिने, तो गारही झाला नव्हता." सुक-यिनने नळ बंद केला. ती अजून पाठमोरीच होती. "तिकडेही गेले होते मी. आपल्या हाँगकाँगात, नेथन रोडवरच्या तिकिटाच्या दुकानात. केल्विनचा फोन आला त्याच आठवड्यात. तिथल्या पोरीने तिकीट दाखवलं, दुसऱ्या दिवशीचं. पैसे होते पर्समध्ये. मग वाटलं, तू इतकी वर्षं माझ्यासाठी एवढं जमवलंयस, तुला काय वाटेल. म्हणून खुर्चीवरून उठून आले."

सीतो खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला.

"तुझ्यावर रागावून काय करू, लाम? तू तर जसा होतास तसाच होतास. मी त्या खुर्चीवरून उठले."

तिने कप पुसून फळीवर पालथे घातले. बाहेर केल्विनची गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला. सीतोच्या हातातला फोन अजून उजळलेला होता. त्याने तो उपडा ठेवला.

"सीट कुठली मिळाली?" त्याने विचारलं.

"मागच्या डब्यात, मधली," ती म्हणाली.