मागचं पान

दिनकररावांना फोटो दाखवला की ते आधी फोटो बघत नसत. "लेन्स कोणती?" असं विचारत. ती त्यांच्या लेन्सपेक्षा स्वस्त निघाली की चेहरा जरा सैल व्हायचा. मग दोन बोटांनी फोटो ताणत ताणत ते एखाद्या कोपऱ्यात शिरत, आणि फोटोचे नुसते चौकोनी ठिपके उरले की म्हणत, "हितं बघा. हितं मेलाय तुमचा फोटो." फुलाबद्दल अवाक्षर नाही.

फुलांचे आणि किड्यांचे जवळून फोटो काढणारा आमचा सांगलीतला पंधराएक जणांचा ग्रुप. दर रविवारी सकाळी आम्ही दिनकररावांच्या हॉलमध्ये जमायचो, कारण सगळ्यात मोठा टीव्ही त्यांच्याकडे होता. न्यायाधीशपद त्यांना त्या टीव्हीमुळेच मिळालं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा वाळव्याकडे ऊस, घरात माणसं कमी आणि हाताशी वेळ भरपूर. मी मिरजेच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेली. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्यामुळे काय स्पष्ट आहे आणि काय नाही, हे मला लांबूनही कळतं. दिनकरराव कसे आहेत, हे तर पहिल्याच रविवारी कळलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "फूल एकच दिसाय पायजे. बाकी समदा कचरा." साताऱ्याला कास पठारावर गेलो तेव्हा या वाक्याचा अर्थ मला समजला. एका निळ्या फुलासाठी हा धिप्पाड माणूस पालथा पडला आणि उठला तेव्हा त्याच्या अंगाच्या मापाचा हिरवा-निळा चिखल खाली उरला होता. तो फोटो ग्रुपवर आला. खाली चौदा जणांनी "अप्रतिम" लिहिलं. त्यात मीही होते.

त्यांच्या फोटोतले किडे फार शहाण्यासारखे बसत. एकदा पाणी घ्यायला मी त्यांचा फ्रीज उघडला, तर ताकाच्या पातेल्याशेजारी डबीत एक चतुर, तो चार पंखांचा किडा, पाय आखडून पडलेला. मी बघत राहिले तसे ते मागून म्हणाले, "गार झाला की गप बसतोय. सोडतो की नंतर." किती उडाले आणि किती तसेच राहिले, ते मी विचारलं नाही.

शिवणकाम करणारी एक बाई एकदा फोनवर काढलेलं कारल्याचं फूल घेऊन आली. फोटो साधा होता, पण फुलावरचं ऊन खरं होतं. दिनकरराव म्हणाले, "ह्यो फोटो न्हाई, भाजीवालीची पाटी हाय." सगळे हसले. ती पुन्हा आली नाही. एका बँकेतल्या गृहस्थाने एकदाच धीर करून दिनकररावांचा फोटो तिरका असल्याचं सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत तो गृहस्थच ग्रुपमधून बाहेर. मी दोन्ही वेळा गप्प बसले. वर्षाला एक प्रदर्शन भरायचं, वीस फोटो लागायचे आणि ते दिनकरराव निवडायचे. दर वर्षी त्यात माझा एक असे. तिथल्या बाकीच्यांना मी मनातल्या मनात लाचार म्हणत असे.

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. मिरजेत माझी ओळख म्हणून डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध डाग पडला होता. कडेकडेचं दिसे, समोर बघावं ते नेमकं पुसलेलं. "कुनाला बोलू नगा, बाई," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी ते टीव्हीसमोर बसून बोट दाखवतच होते, "हितं मेलाय." बोट कुठेही पडायचं आणि ज्याचा फोटो असे तो मान डोलवायचा. इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

त्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी त्यांनी भेंडीच्या फुलावरची मधमाशी काढली. डबी नाही, फ्रीज नाही. चार सकाळी शेतात बसून काढलेली जिवंत माशी. घरी बोलावून मला एकटीला दाखवली. "मला दिसत न्हाई आता. बाकीची समदी तोंडपुजी हायत. तुमी लॅबमधल्या. माशी साफ आलीय का, तेवढं सांगा. नसली तर न्हाई लावत. ह्यो शेवटचाच."

माशी साफ नव्हती. माशी म्हणजे नुसता तपकिरी डाग, फूल पिवळं धुकं, आणि मागच्या पानाची लव मात्र एकेक मोजावी अशी. एका क्षणात दिसलं. तो चिखल आठवला, तो चतुर आठवला, ती कारल्याची बाई आठवली. मी म्हणाले, "सुरेख आलीय. मोठा करून दारातच लावा."

फोटो चार फुटांचा झाला. प्रदर्शनाच्या सकाळी मीच हात धरून त्यांना जिन्यावरून वर नेलं. ग्रुपमधला जो तो फोटोसमोर येई, क्षणभर थबके आणि अभिनंदन करून पुढे सरके. दिनकरराव फोटोशेजारी खुर्चीत ताठ बसले होते. दुपारी बाजाराला आलेला एक शेतकरी सहज आत डोकावला. फोटो खालीवर न्याहाळून म्हणाला, "मागचं पान झकास आलंय, आबा. फूल न्हाई आलं. माशी हाय का काय ती, कळंना."

दिनकररावांनी मान वळवली, ती माझ्याकडे. "बाई?"

मी फोटोखालची चिठ्ठी सरळ करू लागले. मग ते त्या माणसाला म्हणाले, "बसा पावणं. काय काय दिसतंय ते सांगा. समदं सांगा." तो बसला. पान कसं, देठ कुठं, माशीचा तपकिरी डाग कुठवर पसरलाय, सावकाश सांगत गेला. दिनकरराव गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. तो थांबला की विचारत, "आनी?"

संध्याकाळी तो शेतकरीही उठला. निघताना मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, "पावणं, जरा जिन्यापत्तर येता का?"