सुधीर खोलीबाहेर गेला तेव्हा

सुधीरच्या बायकोचा, मीनावहिनींचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोच्या स्टेशनवर उभा होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. समोरून दोन गाड्या निघून गेल्या, मी तिथेच. आज महिना झाला. खरं सांगायचं तर त्याआधीची तीन वर्षं मी सुधीरशी धड बोललोच नव्हतो...

सुधीरचं कुलपं, बल्ब, रंगाचे डबे असलं सगळं विकायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचा गळका नळ बघायला हा स्वतः जायचा आणि परत येऊन कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नावाने बोटं मोडायचा. शेवटी मीच वैतागून म्हणालो, "अरे, मग तूच उभा राहा ना इलेक्शनला!" आम्ही दोघांनी पावसात घरोघर लीफलेट्स टाकली. कुत्रा लागला माझ्या मागे, आणि निवडून आला हा!

पुढे माझाच अर्ज त्याच्या प्लॅनिंग कमिटीपुढे, म्हणजे जागेच्या वापराला परवानगी देणाऱ्या समितीपुढे, आला. मला गॅरेजमध्ये मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग काढायचा होता आणि शेजाऱ्यांनी पार्किंगवरून हरकत घेतली होती. सुधीर आहे म्हणून मी निर्धास्त होतो. पण चर्चेआधीच तो उठला, अर्जदार आपला जवळचा मित्र आहे असं सांगून सरळ बाहेर गेला. जवळच्या माणसाच्या अर्जावर मत द्यायचं नाही, नियमच तसा होता. अर्ज एका मताने फेटाळला गेला.

कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं. "नुसतं ओळखीचा म्हणायचंस ना! व्होट तरी करता आलं असतं."

"ओळखीचा?" तो म्हणाला. "तू?"

मी पाठ फिरवली. नंतर तो दोनदा घरी आला, मी दारातूनच बोळवण केली. या हिवाळ्यात रस्त्यात भेटला, बराच वाळलेला. "चहा घेऊ या रे, दहा मिनिटं." "घाईत आहे," मी म्हणालो. घाई कसली... बिस्किटं आणायला चाललो होतो. त्या दहा मिनिटांची मला फार लाज वाटते.

परवा वहिनींनी शोकसभेसाठी त्याच्या कामांची माहिती काढायला सांगितली, म्हणून कौन्सिलच्या वेबसाइटवर जुनी मिनिट्स, म्हणजे सभांची इतिवृत्तं, उघडली. त्या संध्याकाळच्या पानावर एक ओळ आहे: अर्जदार आपले जवळचे मित्र असल्याचे जाहीर करून कौन्सिलर खोलीबाहेर गेले.

आमच्या मैत्रीचं लिहिलेलं असं तेवढंच सापडतं, तेही त्याने सांगितलेलं. आता रोज ते पान उघडून बघतो. माझ्या बाजूने आज लिहितोय... सुधीर माझा जवळचा मित्र होता.