कंच्याची बेंबी

कंचा, म्हणजे काचेची गोटी, हातात दिला की मावशी आधी डोळे मिटायची. अंगठ्याचं नख त्यावरून गोल फिरवायची. एका जागी नख अडलं की म्हणायची, "सापडली बेंबी. हाताचा हाये."

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघ्यात राहिला असाल तर ही बांगड्यावाली तुम्हीही पाहिली असेल. तिची ओसरी आता बंद असते. तेव्हा जुने कंचे जमवणारे शौकीन नागपूरहून तिथं येऊन बसत. जुना कंचा काचेच्या तापलेल्या कांडीवरून कापून काढत. कापल्या जागी खरखरीत डाग राही, तीच बेंबी. "मशीनच्याले माय नसते," ती म्हणायची. मग कंचा उन्हात धरून आतल्या रंगीत पट्ट्या बघायची आणि भाव सांगायची. कोणी घासाघीस केली की, "जा बाबू, प्लास्टिकचा घे."

माझ्याकडे आजाचा एक होता. लिंबाएवढा, आत लाल-पांढऱ्या पट्ट्या. आजानं तो लहानपणी आंजी गावात खेळात जिंकलेला. मावशीनं नख फिरवलं आणि बराच वेळ परतच दिला नाही. वर्ध्यात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात मांडायचे कंचे निवडायचं काम तिच्याकडे होतं; निवडलेले तिनं स्वतःकडेच ठेवले होते.

"हा पयल्या टेबलावर. अन् चिठ्ठीवर तुया आजाचं नाव."

जन्मभर हमाली केलेल्या माझ्या आजाचं नाव मतदार यादी सोडून कुठं छापलेलं नव्हतं.

मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. असला ओरखड्यांचा कंचा चारचौघांत ठेवायचा? तो मागून घरी आणला. चष्मेवाल्याकडून काच घासायची पावडर घेतली आणि दोन रविवार घासला. आरशासारखा झाला.

मावशीचं नख गोल फिरलं. पुन्हा फिरलं. कुठंच अडलं नाही.

"काऊन घासला रे?"

"चमकावा म्हणून."

"बेंबी खाल्ली तुनं. कॉलेजात हेच शिकवतेत काय?"

"तू पाहिली होतीस ना मावशी? तेवढंच सांग प्रदर्शनवाल्यांना."

"अर्धं नाई सांगत मी."

तिनं सगळं सांगितलं. आयोजकांनी कंचा नाकारला. मी म्हटलं, जाऊ दे. ती मात्र हलेना.

"घासला यानं. याच्या आजानं काय केलं?" असं म्हणून तिनं निवडलेले सगळे कंचे पेटीत टाकले आणि झाकण लावलं. "हा नाई, तं बाकीचे बी नाई."

दुसऱ्या दिवशी आयोजक स्वतः ओसरीवर आले आणि हाही कंचा मांडायला कबूल झाले. चिठ्ठीचा मजकूर तिनंच सांगितला.

प्रदर्शनात ती मला पहिल्या टेबलाशी घेऊन गेली. तिला वाचता येत नव्हतं.

"वाच."

मी आजाचं नाव वाचलं, गाव वाचलं, 'हातानं बनवलेला, जुना' हेही वाचलं आणि थांबलो. तिनं चिठ्ठीच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"एक ओळ राह्यली."

"नातवानं घासला," मी पुटपुटलो, "आता मोल नाही."

मागं लोक खोळंबले होते.

"जोरानं वाच बाबू," ती म्हणाली. "नावापासून."