निखाडे सरांची भिंत

निखाडे सर नकाशा डोळ्यांनी वाचत नसत, त्यात बोटांनी चालत. उजव्या हाताची दोन बोटं ते फाटकापाशी उभी करत, घसा साफ करत, आणि मग ती बोटं आमच्या नकाशात शिरत. पहिल्या वर्षी मी एक बंगला काढला होता. दोन मजली उंचीची बैठक, तिच्यातून वर जाणारा गोल जिना. सरांची बोटं उंबऱ्यात थांबली.

"मी आता भिवापूरची आत्या आहो," ते म्हणाले. "मिरच्याचं पोतं घेऊन आली. कुठी ठेवू?"

"सर, ही बैठक आहे."

"ते दिसून राहिलं. बरं, संडास कुठी आहे?"

"वर, सर."

बोटं गोल जिन्याच्या दोन पायऱ्या चढली, थरथरली आणि तिथेच बसली. "आत्याचे गुडघे गेले गा," सर म्हणाले, आणि बोटं उठून कागदाबाहेर चालू लागली. "चालली ती भिवापूरले परत." सगळा वर्ग हसला. मला त्या रात्री सारखी ती आत्या दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी मी जिना खोडला.

विद्यापीठात वास्तुकला शिकवणाऱ्या आमच्या विभागाला स्वतःची इमारत नव्हती. आम्ही रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेत बसायचो. चित्रफलकांमध्ये बेसिनं होती, आणि 'अवकाशाची संकल्पना' हा विषय आम्ही गॅसच्या बंद नळ्यांना टेकून शिकलो. याचं कोणालाच काही वाटत नसे. कार्यालयातले बाबू सरांना गाठून देवघर कोणत्या कोपऱ्यात असावं ते विचारत. सर गंभीरपणे सांगत, "तुमच्या मातोश्रीचं डोकं जिथी आपटणार नाही, तिथी."

सारी नोकरी इमारती शिकवण्यात गेली, पण सरांनी स्वतः एकही इमारत बांधली नव्हती. त्यांचे विद्यार्थी मॉल बांधत, टॉवर बांधत, आणि शिक्षकदिनाला येऊन मोबाइलवर फोटो दाखवत. सर फोटो नीट न्याहाळत आणि विचारत, "हे झ्याक आहे. पण इथला वॉचमन कुठी बसते?" त्यांच्याकडे घर काढून घ्यायला कोणी येत नसे असं नाही. "लोक येतात," ते एकदा म्हणाले. "ते विचारतात, समोरून कसं दिसन? मी विचारतो, आत कोण राहीन? मग ते दुसऱ्याकडे जातात."

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना विद्यापीठाला फाटकाजवळ पाणपोई बांधायची होती. बाहेरचा वास्तुविशारद नेमायला वेळ नव्हता, म्हणून काम सरांकडे आलं. मे महिन्यात परीक्षा सुटली की पोरं तिथे रणरणत्या उन्हात बसची वाट पाहत. सर कित्येक दुपारी एक बांबू घेऊन तिथे उभे राहिले, बांबूची सावली कुठे पडते ते खडूने आखत बसले. पहारेकऱ्याला वाटलं, साहेब साप शोधून राहिले. शेवटी नकाशा झाला. दोन नळ, एक लांब ओटा आणि पश्चिमेला विटांची एकच उंच भिंत. दुपारी तीनला पेपर सुटला की तिची सावली ओट्यावर आणि ओट्यापुढच्या रांगेवर पडणार होती. सरांच्या आयुष्यातली ही पहिली इमारत, आणि तिला छप्परही नव्हतं.

नकाशा समितीसमोर गेला. मी तेव्हा त्याच विभागात कंत्राटी शिक्षक होतो. सभेचा वृत्तांत लिहायला मला बसवलं होतं.

"नळ समजला, ओटा समजला," बांधकाम अभियंते म्हणाले. "ही भिंत कशाले?"

"सावलीसाठी."

"सावलीचा दर कोणत्या पुस्तकात आहे, सर?"

वित्त अधिकाऱ्यांनी मान हलवली. "ऑडिटवाले विचारतील, भिंतीच्या मागे काय आहे? काहीच नाही, हे त्यांना कसं सांगायचं?"

सरांनी सूर्याचे कोन दाखवायला कागद उलगडला. तेवढ्यात चहा आला आणि बशा त्याच कागदावर ठेवल्या गेल्या. अभियंत्यांनी लाल पेनने भिंतीवर फुली मारली. मी लिहिलं, 'भिंत अनावश्यक.' सर त्या फुलीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी विद्यापीठाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. ही भिंत तेवढी मागितली होती.

पुढचा विषय उद्घाटनाचा होता. पाहुणे ठरले, हार ठरले. मग सर सावकाश उभे राहिले.

"एक बारीकशी शंका होती. उद्घाटनाची पाटी कुठी लावायची? नळावर?"

"कुलगुरूंचं नाव नळावर?" वित्त अधिकारी पुटपुटले.

"ओट्यावर लावू," कोणीतरी म्हणालं.

"पोरं त्याच्यावर बसतील ना," सर नम्रपणे म्हणाले.

अभियंत्यांनी नकाशा पुन्हा जवळ ओढला. "भिंत तर लागेलच," ते म्हणाले. मी मागची ओळ खोडून लिहिलं, 'भिंत अत्यावश्यक.'

मग नावं यायला लागली. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, परिषदेचे सदस्य. एका सदस्याचं नाव राहिलं, ते रुसले; त्यांचं घातलं तर दुसरे रुसले. पाटी मावेना, म्हणून भिंत वाढवली. मग प्रमुख पाहुण्यांचे प्रमुख पाहुणे निघाले, पुन्हा भिंत वाढवली. विटांवर काळा ग्रॅनाइट चढला, ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं. सर रोज जाऊन बघत आणि प्रत्येक नव्या नावाचं मनापासून स्वागत करत. "याइचे जावई नाही का कोणी?" असंही त्यांनी एकदा विचारलं.

उद्घाटनाच्या दिवशी मी ती भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. सरांचं नाव कुठेच नव्हतं. मी चिडलो.

"सर, ज्यानं काढली त्याचंच नाव नाही? तुम्ही काहून बोलले नाही?"

सरांनी भिंतीच्या टोकाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खरोखरच हळहळला. "चुकलंच गा," ते म्हणाले. "अजून एक थर चढला असता."

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. विभागात शोकसभा झाली. विभागप्रमुख म्हणाले, सर थोर शिक्षक होते, पण त्यांच्या हातून एकही वास्तू उभी राहिली नाही ही खंत आहे. मला उठून बोलायचं होतं. शब्द जुळेपर्यंत दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली, आणि ती संपल्यावर सगळे चपला शोधायला लागले.

मी बाहेर आलो. नुकताच पेपर सुटला होता. पाणपोईचं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं, नळ कोरडे होते, तरी तिथे गर्दी होती. कोणी प्रश्नपत्रिकेने वारा घेत होतं, कोणी ओट्यावर आडवं झालं होतं. पहारेकऱ्याने आपली खुर्चीही तिथेच आणली होती. सावलीच्या रेषेबाहेर डांबर पाघळत होतं आणि आत एक माणूसही उभा राहील इतकी जागा दिसत नव्हती. मी रेषेपाशी घुटमळलो.

"सरक ना वं," एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "सरांले येऊ दे."

दोघी सरकल्या. नावांना पाठ टेकून मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.