भावजींचा लेखी खुलासा

ही बाई मनात धरून ठेवते, असं आमच्या आळीत माझ्याबद्दल बोलतात. ठेवते. धाकट्या दिराचं एक वाक्य मी कित्येक वर्षं धरून ठेवलं. त्याचं उट्टं काढलं तेव्हा झालेला आनंद मी कुणापासून लपवलाही नाही.

नवरा फौजेत होता. निवृत्त होऊन मेढ्याला आला आणि तीन वर्षांत गेला. तेराव्याची जेवणं उरकून पाहुणे ओसरीवर पान खात बसले होते, तेव्हा भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, "वैनी, आता तुमी माहेराला जावा. हितं तुमचं कोन हाय?" याच भावजींना कॉलेजला असताना मी पहाटे उठून डबा करून देत होते.

मी गेले नाही. घर सासऱ्यांच्या नावावर होतं आणि वाटणी तोंडी झालेली. मधली भिंत धरून उगवतीकडचं आमचं, मावळतीकडचं त्यांचं. वारस म्हणून माझं नाव लावायला अर्ज केला, तर भावजी पुण्याहून येऊन हरकत घेऊन गेले. थोरल्यानं आपला हिस्सा तोंडी सोडला होता म्हणे. मेलेल्या माणसाला विचारायला कोण जाणार? नोंद तिथंच अडकली.

मग त्यांनी आपल्या बाजूला कुलूप घातलं आणि झडी बांधायचं सोडलं. आमच्याकडचा पाऊस मातीच्या भिंती खातो, म्हणून उन्हाळा सरता सरता जो तो आपापल्या भिंतींना गवताच्या झडी बांधून घेतो. पाऊस मावळतीकडून येतो, म्हणजे आधी त्यांच्या भिंती, मग माझ्या. दोन-तीन पावसाळ्यांत त्यांची कौलं सरकली, आढं कुजलं आणि मधली भिंत माझ्या चुलीच्या बाजूला फुगली. त्यांच्या झडी मीच बांधते म्हणून फोन केला, तर म्हणाले, "माझ्या भितीला हात लावायचा न्हाई. पडंल तवा बघू."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना घर पडायलाच हवं होतं. घर पडलं की मी आपोआप माहेरी, आणि रस्त्याकडेची जागा विकायला मोकळी. त्या रात्री मी भिंतीपासून अंथरूण लांब ओढलं आणि झोपेपर्यंत त्यांना मोजून शिव्या दिल्या.

पुढच्या आठवड्यात नगरपंचायतीत गेले. तिथल्या इंजिनिअरला विचारलं, मालक पडीक घराकडं बघतच नसेल तर तुम्हाला काही करता येतं का? तो म्हणाला, येतं. धोकादायक भाग दुरुस्त करा किंवा उतरवा अशी नोटीस द्यायची. मालकानं ऐकलं नाही, तर नगरपंचायत स्वतः उतरवते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. मी तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला. इतक्या चवीनं मी कधी पुरणही वाटलं नव्हतं.

इंजिनिअर पाहणीला आला, छत्रीच्या टोकानं भिंत टोचली, तर टोक आत गेलं. नोटीस पुण्याला गेली आणि एक प्रत त्यांच्या कुलपाच्या दारावर चिकटवली. येणारा-जाणारा थांबून वाचायचा. मी ओसरीवर शेंगा फोडत बसायचे आणि कुणाला नीट वाचता आलं नाही तर वाचून दाखवायचे.

दहा-बारा दिवसांनी इंजिनिअरनं मला बोलावलं. भावजींनी लेखी खुलासा पाठवला होता, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. "सदर घर सामाईक असून माझ्या मयत भावाची पत्नी निम्म्या हिश्शाची मालक आहे. ती तिथेच राहते. सबब सर्व जबाबदारी माझ्या एकट्यावर टाकू नये." खाली सही.

मी त्याला पुन्हा वाचायला सांगितलं.

"आवं मावशी, ते तुमच्यावर ढकलत्यात," तो म्हणाला.

"ढकलू दे. मला याची शिक्क्याची नक्कल पायजे."

मुदत संपली, तरी भावजी आले नाहीत. नगरपंचायतीच्या माणसांनी त्यांचं आढं आणि ती फुगलेली भिंत उतरवली. निम्मा खर्च मी बिनतक्रार भरला आणि पावती माझ्या नावानं घेतली. मग पक्क्या विटांची नवी भिंत घातली आणि नोंदीचा अर्ज पुन्हा उकरून काढला.

सुनावणीला भावजी आले, कडक इस्त्रीत. थोरल्यानं हिस्सा सोडल्याचं त्यांनी पुन्हा सांगितलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मी दिलेली खुलाशाची नक्कल भावजींपुढं सरकवली.

"सही तुमचीच का?"

भावजींनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि मला अजिबात दया आली नाही.

"व्हय," ते म्हणाले.

माझं नाव लागलं. पुढच्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. आवाज एकदम गोड. जागेला गिऱ्हाईक आलं होतं. "वैनी, तुमची सही लागती म्हनत्यात. तुमच्याबिगर व्यवहारच हुईना."

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

त्याला आता चार पावसाळे झाले. दर गौरी-गणपतीला ते फोन करून विचारतात, आणि मी त्यांना सांगते की माझा विचार चालू आहे.