खांदा मोकळा सोडा

"खांदा मोकळा सोडा." कॅमेऱ्यामागून हे वाक्य आलं की स्टुडिओतल्या बाकावर बसलेल्यांचे हात आपोआप खाली यायचे. नवरा-बायको असोत, बाप-लेक असोत, नाहीतर पोळ्याला नवे कपडे घालून आलेले चार मित्र; कोणी कोणाच्या खांद्यावर हात टाकलेला फोटोग्राफर काकांना चालत नसे. एवढं सांगूनही समाधान झालं नाही तर ते स्वतः पुढे येत, दोन बोटांनी समोरच्याचा खांदा झटकत, जणू तिथं काही पडलं होतं, आणि परत कॅमेऱ्यामागे जात.

यवतमाळात त्यांचा स्टुडिओ आमच्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयाच्या बरोबर खाली होता. वर आम्ही, खाली ते. कापसाची वाईट वर्षं चालू होती. त्या काळात आमच्या पानावर कोणत्या बातम्या येत ते तुम्हाला आठवत असेल. पुन्हा सांगत नाही. बातमीबरोबर माणसाचा फोटो लागायचा आणि तो बहुतेक वेळा त्यांच्याच टेबलावरून वर यायचा. दारव्ह्याकडून, नेरकडून जीपनं लोक येत, रुमालात गुंडाळलेला लग्नातला किंवा जत्रेतला फोटो काढून समोर ठेवत आणि "तेरवीले पाह्यजे" एवढंच बोलत. त्या फोटोतून ते एक माणूस वेगळा काढत, मोठा करत आणि फ्रेम करून देत.

हे काम कसं चालतं ते त्यांनी मला एकदा दाखवलं. शेजारची माणसं कापून काढता येतात. पण शेजारच्यानं खांद्यावर हात टाकलेला असेल, तर तो माणूस जातो आणि हात उरतो. चार बोटं उरतात. मग बारीक ब्रशनं त्या बोटांवर सदरा रंगवावा लागतो. "जित्या माणसाचा हात हाराखाली जाऊ नाही," ते म्हणाले. "नंतर पुसत बसण्यापेक्षा पहिलेच ठेवू नका म्हणतो मी."

म्हणजे हसतखेळत आलेल्या घराचा फोटो काढताना हा माणूस पुढच्या कामाची सोय पाहत होता. हे कळल्यावर मी त्यांच्याकडून फोटो काढून घेणं टाळू लागलो. तुमच्या ओळखीच्या कुठल्या घरात त्या वर्षांतला हार घातलेला फोटो असेल तर खांद्याकडे नीट पाहा. सदऱ्याचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा किंचित गडद दिसेल.

त्यांचा दुसरा नियम हसण्याबद्दल होता. लोकांनी आणलेल्या फोटोंपैकी हसरा ते बाजूला ठेवत. हसरा माणूस हारात बसत नाही, आता काही बोलेल असं वाटत राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढचा काउंटर त्यांची बायको, आमच्या काकू, सांभाळायच्या. जीपमधून उतरलेल्या माणसाला त्या कामाचं विचारत नसत. स्टीलचा पेला पुढे करून "पहिले पाणी घ्या" म्हणायच्या. माणूस पाणी पिऊन होईपर्यंत त्याच्याकडे पाहायच्या नाहीत, कारण बरेच जण पेला तोंडाला लावूनच रडायला लागत.

त्यांचा एकुलता मुलगा पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. कंपनीनं त्याला मेक्सिकोत पुएब्ला नावाच्या शहरात पाठवलं आणि त्यानं आईबापांना फिरायला बोलावलं. काकांची तयारी नव्हती. काकूंची होती. "तुम्ही इथं बसून लोकं कापत राहा, मी चालली," असं त्यांनी माझ्यासमोर सुनावलं होतं.

व्हिसासाठी फोटो काढायचे होते. ते झाल्यावर काकूंनी दोघांचा एक काढायला लावला. लग्नानंतर दोघांचा एकत्र फोटोच नव्हता. काकांनी कॅमेऱ्याचा टायमर लावला आणि धावत येऊन बाकावर बसले. बाक डगमगला. मागे उभ्या असलेल्या काकूंनी त्यांचा खांदा घट्ट धरला आणि काकांना हसू फुटलं. तेवढ्यात खटका पडला. दोन्ही नियम मोडले होते. पुन्हा काढायचा तर रोल संपला होता. त्यांनी तो कृष्णधवल छापला, आणि काकूंनी पर्समध्ये ठेवला.

परतल्यावर त्या प्रवासाचे फोटो काकांनी मला काउंटरवर मांडून दाखवले. राजधानीतले सगळे तिरपे होते. तिथली जुनी देवळं आणि घरं जमिनीत खचत चालली आहेत; त्यांना मात्र आपला स्टँड वाकडा झाला असं वाटलं होतं आणि ते सबंध दिवस स्क्रू आवळत होते. पुएब्लात भिंतींना रंगीत फरश्या, आणि लांबवर धूर सोडणारा डोंगर. तो पाहून काकू म्हणाल्या होत्या की कोणाची तरी चूल पेटली. तिथून मुलानं त्यांना वाहाका शहरात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहायला सोडलं. त्याला कामावर परतायचं होतं. दोन दिवसांनी येऊन तो त्यांना समुद्रावर नेणार होता.

इथपर्यंत ते सांगत आणि पुढचे फोटो उचलून पाकिटात घालत. "पुढं समुद्रच आहे," म्हणत. वाहाकात काय झालं ते मला आधी काकूंनी सांगितलं. काकांनीही नंतर सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

दिवाळीचे दिवस होते. त्या गावात जिकडे तिकडे झेंडू. दारात झेंडूच्या पाकळ्यांची वाट, आत मेणबत्त्या, साखरेची चित्रं, फळं. दोघांना घर आठवलं. म्हाताऱ्या बाईंनी काळ्या रश्श्याची भाजी आणि मक्याच्या रोट्या वाढल्या. काकांना तो रस्सा सावजीसारखा लागला. बैठकीत पायऱ्यापायऱ्यांचं एक आसन मांडलं होतं. त्यावर फुलं, पाव, पाण्याचे काचेचे पेले आणि बरेच फोटो. फोटोंतली माणसं हसत होती. एक गिटार घेऊन, एक घोड्यावर, एक बाई कुत्र्याला कडेवर घेऊन. एकाही फोटोला हार नव्हता.

"मी आयुष्यभर तेच काम केलं," ते म्हणाले. "आणि मले ओळखू नाही आलं. मेलेला माणूस असा हसते, हे मी कुठंच नाही पाह्यलं, भाऊ."

दोघांना ते घरच्या जिवंत माणसांचे फोटो वाटले. म्हाताऱ्या बाईंनी फोटोंकडे बोट केलं, मग काकूंकडे केलं, आणि हात पुढे केला. तुमचंही कोणी असेल तर ठेवा, असा त्याचा अर्थ होता. काकूंना वाटलं, तुमचाही ठेवा. सणाच्या दिवशी कोणाच्या घरून काही न देता निघायचं नाही, ही त्यांची रीत. त्यांनी पर्स उघडून दोघांचा फोटो दिला. बाईंनी फोटो पाहिला, मग दोघांकडे पाहिलं. फोटो मधल्या पायरीवर ठेवला आणि आतून काचेचे दोन पेले भरून आणून त्यापुढे मांडले.

माझ्या मते कृष्णधवल फोटोमुळे बाईंना तो यांच्या आईवडिलांचा वाटला असावा. मी तसं म्हणालोही. काकांनी मान हलवली. "तिले दिसत होतं चांगलं," म्हणाले.

मुलगा आला, घाटातून दिवसभर गाडी चालवून त्यानं त्यांना पॅसिफिकच्या किनाऱ्यावर नेलं. दोघांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. काकू घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असताना काकांनी मुलाला त्या आसनाबद्दल सहज सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, ते मेलेल्यांसाठी मांडतात. वर्षातून एकदा जेवायला येतात म्हणून."

काकू पाण्यातूनच हसल्या. "म्हंजे आपण गेलोच म्हणा की."

काकांनी तिथूनच गाडी मागे फिरवायला सांगितलं. ते शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. मुलानं फोटो नंतर आणून देण्याचं कबूल केलं. समुद्रातला काकूंचा त्या वेळचा फोटो मी पाहिला आहे. खांदे मोकळे आहेत, मागे काही नाही.

परतल्यावर काकूंची तहान गेली. जेवण व्हायचं, काम व्हायचं, पण पाणी त्या आठवण करून दिल्यावरच प्यायच्या आणि तेही औषधासारखं. "माह्यं पाणी तिकडंच पिऊन झालं वाटते," असं थट्टेत म्हणायच्या. डॉक्टरांनी तपासण्या करून मूत्रपिंडाचं कारण सांगितलं. ते पटण्यासारखं होतं.

काकांना पटलं नाही. ते मुलाला फोनवर फोन करत राहिले. मुलगा वाहाकाला जाऊन आला. म्हाताऱ्या बाईंनी त्याला फोटो ठेवलेली पेटी दाखवली, पण उघडली नाही. फोटो त्या दिवसांतच बाहेर निघतात, तेव्हा ये, असं त्यांनी सांगितलं. ते दिवस यायच्या आधी, पावसाळ्यात, काकू गेल्या. त्यांच्यासाठी काकांनी समुद्रातला फोटो मोठा केला. त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर मला आणि मुलाला त्यांची काळजी लागली. त्या दोघांच्या फोटोत आता ते एकटेच जिवंत होते, आणि ते ही गोष्ट दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत. मुलानं नक्की केलं होतं की या वर्षी पेटी उघडली की फोटो घेऊनच निघायचं.

तो दिवस आला. दुपारी नेरकडचा एक म्हातारा भावाचा फोटो घेऊन स्टुडिओत आला. मी एका बातमीसाठी खालीच बसलो होतो. काका आतल्या खोलीतून बाहेर आले आणि म्हाताऱ्याला पाणी विचारलं.

"झालं जी पाणी," म्हातारा म्हणाला. "आतल्या बाईनं देल्लं ना आताच."

मी अर्धा तास तिथं होतो. दुसरं कोणी आत-बाहेर गेलं नव्हतं. पण माझं लक्ष माझ्या कागदात होतं, हेही खरं. काकांनी म्हाताऱ्याला एकच गोष्ट विचारली. पेला कशाचा होता?

"काचेचा," म्हातारा म्हणाला. "काहून?"

स्टुडिओत स्टीलचेच पेले होते. म्हातारा गेल्यावर मी शेजारच्या दुकानांत चौकशी केली. कोणी पाणी दिलं नव्हतं. याहून अधिक मला ठाऊक नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तिकडे सकाळ होती. फोन जुना होता, पलीकडचा आवाज खोलीभर यायचा. मुलगा आसनासमोरच उभा होता.

"बाबा, फोटो समोर आहे. उचलू का?"

काकांनी विचारलं, "पेले किती आहेत?"

"दोन."

"भरले आहेत?"

"एक भरलेला आहे. एक रिकामा दिसतोय. आटलं असेल पाणी, रात्रीपासून मेणबत्त्या पेटलेल्या आहेत."

काका काउंटरवरच्या स्टीलच्या पेल्याकडे पाहत होते.

"राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, त्यात तुम्ही पण आहात."

"माह्यावाला फोटो मीच काढला बे. मले माहीत आहे कोण कोण आहे."

मुलगा समजावू लागला. निदान तुमची बाजू कापून आणतो, आईची इथं राहील, असं त्यानं सुचवलं. हा धंदा त्यानं लहानपणापासून पाहिला होता.

"नाही जमत," काका म्हणाले. "तिचा हात राहते माह्या खांद्यावर." मग म्हणाले, "तू तो पेला भरून दे. तिले लागते."

त्यांनी फोन ठेवला आणि नेरच्या माणसाचं काम हातात घेतलं. त्या फोटोत दोन भाऊ होते. कडा कापून झाली, ब्रश ओला केला. मी वर कार्यालयात गेलो.

पुढे कॉम्प्युटरवर फोटो जोडणारी दुकानं निघाली आणि त्यांच्याकडे येणारे कमी झाले. जे येत त्यांना ते काउंटरवरून स्वतः पाणी देत. "खांदा मोकळा सोडा" म्हणणं मात्र त्यांनी बंद केलं होतं. लोक हवे तसे बसत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकत, आणि ते काही न बोलता खटका दाबत.

एका उन्हाळ्यात ते गेले. झोपेत गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं.

तेरवीला मी गेलो. खुर्चीवर फोटो होता, झेंडूचा हार होता. तो बाकावरचाच फोटो होता. मुलानं सांगितलं की फ्रेम तयारच सापडली, कपाटात कापडात गुंडाळलेली. बाबांनी निगेटिव्हवरून स्वतः काढून ठेवली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. डावी कड त्यांच्या हातची होती, सरळ आणि स्वच्छ. मागचा पडदा रंगवून पुरा केला होता. काका बाक डगमगल्यावर माणूस हसतो तसे हसत होते. खांद्यावर चार बोटं होती. त्यांच्यावर ब्रश फिरलेला नव्हता.

हार एका बाजूला सरकला होता. तो नीट करायला त्यांच्या नात्यातली एक बाई पुढे झाली. तिला खांद्यावर काही पडल्यासारखं दिसलं, पाकळी असेल. तिनं दोन बोटांनी ते झटकलं. मग वाकून पाहिलं, पदरानं काच पुसली, आणि हात मागे घेतला.